76 कीज स्वस्त, 61 कीज महाग: अरेंजर कीबोर्डच्या किमतीचा हिशेब

मुलाला क्लासला घालून वर्ष होतं, सर म्हणतात "आता जरा बरा कीबोर्ड घ्या", आईबाबा दुकानात जातात आणि पहिला गोंधळ तिथेच उडतो. एका बाजूला यामाहाचा पीएसआर-ईडब्ल्यू 425 ठेवलेला असतो. त्याला 76 कीज आहेत, लांबी साधारण सव्वा मीटर आणि किंमत 50 हजारांच्या आसपास. दुसऱ्या बाजूला पीएसआर-एसएक्स 900 असतो, किंवा 2024 मध्ये त्याच्या जागी आलेला 920. त्याला कीज फक्त 61 आणि किंमत 2 लाखांच्या घरात. यामाहाचाच डीजीएक्स 670 तर 88 वजनदार कीजचा, 20 किलोंहून जड कीबोर्ड आहे. तरीही अमेरिकेत तो 61 कीजच्या एसएक्स 700 पेक्षा स्वस्तात विकला गेला आहे.

"कीज जास्त म्हणजे कीबोर्ड वरच्या दर्जाचा" हा हिशेब घेऊन दुकानात गेलेला माणूस इथे हमखास चुकतो. कीजची संख्या ही एक शिडी आहे आणि किंमत ही दुसरी. दोन्ही शिड्यांच्या मधल्या काही पायऱ्या बनवलेल्याच नाहीत. त्या कुठे गायब आहेत आणि का, हे कळलं की विक्रेत्याच्या बोलण्यावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही.

आधी अरेंजर नेमकं काय करतो ते पाहू. डाव्या हाताने तुम्ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, धरता, उजव्या हाताने गाण्याची चाल वाजवता. बाकीचा वाद्यवृंद, म्हणजे ड्रम्स, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज, कीबोर्ड स्वतः वाजवतो. या तयार साथीला स्टाइल म्हणतात. यामाहाच्या स्टाइल बहुतेक वेळा सी मेजर सेव्हन्थ या एकाच कॉर्डवर रेकॉर्ड केलेल्या असतात. तुम्ही दुसरा कॉर्ड धरलात की प्रत्येक वाद्याचे सूर ठरलेल्या नियमाने बदलतात. ड्रम्स तसेच राहतात. बेस नव्या कॉर्डच्या मूळ सुरावर जातो. पियानोसारख्या भागाला मात्र तशी उडी मारू दिली जात नाही. सी-ई-जी वाजत असताना तुम्ही एफ धरला तर तो सगळं उचलून वर नेत नाही, सी-एफ-ए वाजवतो, म्हणजे जवळच्या जवळ सरकतो. चांगला वादक हाताने हेच करतो.

आता लक्षात घ्या, हे काम 15 हजारांचा कीबोर्डसुद्धा करतो. कॉर्ड ओळखणं आणि सूर सरकवणं यासाठी मोठी ताकद लागत नाही. पुढचे लाखभर रुपये दुसऱ्याच गोष्टींवर खर्च होतात.

सगळ्यात मोठा खर्च आवाजांवर होतो. खऱ्या गिटारवर वादक एकच तार हळू छेडतो, जोरात छेडतो, तळहाताने दाबून छेडतो, त्यावरून बोट घसरवतो. वरच्या यामाहांमध्ये 'मेगा व्हॉइस' नावाचे आवाज असतात. त्यात एकाच कीखाली हे सगळे प्रकार वेगवेगळे रेकॉर्ड करून ठेवलेले असतात. मिडीमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या भाषेत, की किती जोरात दाबली हे 1 ते 127 या आकड्यांत मोजतात. या आकड्यांचे कप्पे पाडलेले असतात: खालच्या कप्प्यात मऊ छेड, मधे जोरकस, वरच्या कप्प्यांत घसरणं, हार्मोनिक आणि तारेवरच्या बोटांचा खरखराट. हाताने वाजवायला हे आवाज जवळजवळ अशक्यच असतात, ते स्टाइलसाठी बनवलेले असतात. म्हणूनच महागड्या मॉडेलची गिटार-साथ ऐकून "कोणीतरी शेजारी बसून वाजवतंय" असं वाटतं. त्यासाठीच बनवलेली स्टाइल पेनड्राइव्हवरून स्वस्त मॉडेलमध्ये टाकली तर गिटार विचित्र, तुटक वाजू शकते, कारण त्या कप्प्यांतले आवाजच तिथे नसतात. "हजारो स्टाइल फुकट मिळतात, मग महाग कीबोर्ड कशाला?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. स्टाइलची फाइल फुकट मिळेलही, पण तिला लागणारे आवाज वरच्या मॉडेलमध्येच असतात.

दुसरा खर्च स्टाइलच्या घडणीवर होतो. यामाहाच्या खालच्या ई मालिकेत प्रत्येक स्टाइलला मुख्य भाग दोन असतात, ए आणि बी. वरच्या एसएक्स मालिकेत चार असतात, शिवाय तीन इंट्रो, तीन एंडिंग आणि मधे थांबण्यासाठी ब्रेक. आपल्या गाण्यांत हा फरक लगेच कळतो. दोन भाग असले की मुखड्याला एक आणि अंतऱ्याला दुसरा, संपलं. पहिला मुखडा हलका ठेवायचा, अंतऱ्यात साथ वाढवायची आणि शेवटच्या मुखड्याला पूर्ण भरायची, असं करायचं तर चार भाग लागतात. जो स्टेजवर गातो आणि एकट्याने साथ सांभाळतो, त्याच्यासाठी माझ्या मते ही चार बटणं आवाजांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोलाची आहेत.

आवाजांच्या संख्येबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत तीच छापलेली असते. पीएसआर-ई 473 वर 820 आवाज आहेत. दुपटीहून महाग असलेल्या एसएक्स 600 वर 850. मग तीस आवाजांसाठी 40 हजार जास्त का द्यायचे? कारण मोजणीच वेगळी आहे. ई 473 च्या 820 मध्ये पॅनेलवरचे खरे आवाज 294. बाकीच्यांत ड्रम किट आणि अर्पेजिओचे (कॉर्डचे सूर एकामागोमाग वाजवणारे) आवाज आहेत, आणि तब्बल 458 'एक्सजी-लाइट' प्रकारचे आहेत. हे साधे आवाज मुख्यतः जुन्या मिडी फाइल्स वाजवता याव्यात म्हणून दिलेले असतात. एसएक्स 600 चे 850 हे मुख्य आवाज. त्याचे ड्रम किट आणि एक्सजी आवाज वेगळे मोजले आहेत. दुकानात आकडा विचारण्यापेक्षा बासरी, व्हायोलिन आणि हार्मोनियम हे तीन आवाज एकापाठोपाठ ऐका. सूर लांबवल्यावर शेवटी काय होतं, हे कान देऊन ऐका. स्वस्त आवाजात सूर लवकरच एकसुरी फिरत राहतो आणि ते लगेच जाणवतं.

कीजच्या आतही पैसे असतात, पण संख्येत नाही. टच सेन्सिटिव्ह कीखाली रबराच्या बुडबुड्यात दोन संपर्क असतात. एक आधी जुळतो, दुसरा नंतर. या दोन क्षणांमधलं अंतर कीबोर्ड मोजतो. अंतर कमी म्हणजे बोट वेगाने आलं, म्हणजे आवाज मोठा. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये ही मोजणीच नसते. कितीही हळू दाबा, आवाज तेवढाच. यामाहाच्या सर्वांत वरच्या जेनॉस या मॉडेलमध्ये याच्याही पुढची सोय आहे. की दाबून धरल्यावर आणखी जोर दिला तर तो जोरही मोजला जातो, त्याला आफ्टरटच म्हणतात. एसएक्स 900 मध्ये तो नाही.

आता पहिल्या गायब पायरीकडे. आपल्याकडच्या दुकानांत किमती दर महिन्याला थोड्या हलतात, पण साधारण चित्र असं राहिलं आहे. ई 373 15 ते 20 हजारांत, ई 473 30 ते 40 हजारांत, एसएक्स 600 70 हजारांच्या पुढे, एसएक्स 700 सव्वा लाखाच्या आसपास, एसएक्स 900 2 लाखांजवळ आणि जेनॉस 4 लाखांच्या वर. मधल्या सगळ्या उड्या मोठ्या आहेत, पण 40 आणि 70 हजारांच्या मधली पोकळी सगळ्यात जास्त त्रास देते (तिथला 50 हजारांचा ईडब्ल्यू 425 म्हणजे आतून ई 473 चंच लांब रूप). नेमका तिथेच आपल्याकडचा मोठा वर्ग उभा असतो: शिकाऊ पायरी ओलांडलेला, सोसायटीच्या गणपतीत आणि घरगुती कार्यक्रमांत वाजवणारा, पण पोटासाठी न वाजवणारा.

ही पोकळी पडते कारण खालचे आणि वरचे कीबोर्ड आतून वेगळी यंत्रं आहेत. खालच्या मालिकेत छोटी चिप, छोटी मेमरी आणि आकड्यांची साधी स्क्रीन असते. हे कीबोर्ड जगभर शिकणाऱ्यांना प्रचंड संख्येने विकले जातात, त्यामुळे एकेक रुपया वाचवून किंमत खाली ठेवता येते. वरच्या मालिकेत रंगीत स्क्रीन, प्रत्येक वाद्याचं वेगळं मिक्सिंग आणि स्वतःची स्टाइल बनवण्याची सोय असते. हे कीबोर्ड घेणारे थोडे, आणि रेकॉर्डिंग, प्रोग्रॅमिंग, चाचण्या यांचा खर्च त्या थोड्यांवरच वाटला जातो. खालचं यंत्र वाढवत वाढवत ई 473 पर्यंत नेता येतं. त्यापुढे यंत्रच बदलावं लागतं, आणि बदललं की किंमत थेट पुढच्या मजल्यावर जाते.

सगळीच पोकळी खर्चातून आलेली नसते, हेही सांगायला हवं. एसएक्स 700 आणि एसएक्स 900 शेजारी ठेवून पाहा. दोघांना 61 कीज, 7 इंचांची टचस्क्रीन आणि 11.5 किलो वजन, आणि अंगाने जवळपास सारखे. फरक असा की 900 मध्ये माइकवरच्या गाण्याला दुसरे सूर जोडणारं व्होकल हार्मनी आहे, ब्लूटूथवर गाणी वाजतात, आणि बाहेरून आवाज भरायला सुमारे 1 जीबी जागा आहे. 700 मध्ये हीच जागा 400 एमबी. मेमरीतल्या या फरकाची किंमत आज काय असते, हे मोबाइल घेणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जेनॉस पहिल्यांदा आला तेव्हा त्यात अशी 1.8 जीबी जागा होती. पुढे नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने ती 3 जीबी झाली. म्हणजे काही अंतरं कंपनी ठरवून राखते, कारण तसं केलं नाही तर वरचं मॉडेल कोणी घेणार नाही. यात फसवणूक नाही. पण पैसे मोजणाऱ्याला हे माहीत असावं, म्हणजे "मला व्होकल हार्मनी लागते का?" हा प्रश्न तो स्वतःला शांतपणे विचारू शकेल. नसेल लागत, तर 700 घेऊन वाचलेल्या पैशांत चांगले स्पीकर येतात.

आता कीजची शिडी. यामाहात 76 कीज खाली मिळतात, ईडब्ल्यू मालिकेत, आणि थेट माथ्यावर मिळतात, जेनॉसमध्ये. मधल्या एसएक्स मालिकेत सगळे 61. कोर्ग या दुसऱ्या कंपनीचंही तसंच आहे. पीए 700 आणि पीए 1000 फक्त 61 कीजचे, पीए 5एक्स मात्र 61, 76 आणि 88 अशा तिन्ही मापांत येतो. इटलीतल्या अँकोनाच्या केट्रॉनचा एसडी 9 हा 76 कीजचा आहे, पण तो किमतीने वरच्या फळीत बसतो. 1 ते 2 लाखांच्या पट्ट्यात 76 कीजचा नवा अरेंजर शोधणाऱ्याची निराशाच होते.

यामागे मुख्य कारण साच्याचं आहे. कीबोर्डचं प्लास्टिकचं अंग साच्यात ओततात, आणि तो साचा बनवण्याचा खर्च हजार नग काढले काय आणि लाख काढले काय, तेवढाच. नवं माप म्हणजे नवा साचा, कीजचा नवा संच, नवं खोकं, गोदामात वेगळी जागा. ई मालिकेत नगांची संख्या इतकी मोठी असते की दुसरं माप परवडतं. ई 473 आणि ईडब्ल्यू 425 यांच्यात अमेरिकेत फरक शंभर-दीडशे डॉलरच्या आसपासच राहिला आहे, आणि त्यात मोठे स्पीकरही येतात. माथ्यावर ग्राहक कमी, पण एका नगामागे इतके पैसे मिळतात की मापाचा खर्च निघतो. मधे यातलं काहीच जमत नाही. शिवाय मधे 76 कीज दिल्या तर जेनॉसकडे जाणारा एक ठोस मुद्दा कमी होईल, हाही विचार होत असणार असं मला वाटतं. माथ्यावरही पर्याय टिकतोच असं नाही. जेनॉसच्या आधी माथ्यावर असलेला 2013 चा टायरोस 5 हा 61 आणि 76 अशा दोन मापांत मिळायचा. 2017 मध्ये जेनॉस आला तो फक्त 76 मध्ये, आणि 2023 चा जेनॉस 2 सुद्धा.

पण या जादा 15 कीज म्हणजे प्रत्यक्षात किती? जेनॉसची रुंदी 1234 मिलिमीटर, एसएक्स 900 ची 1017. फरक 21.7 सेंटिमीटर. 15 कीजमध्ये पांढऱ्या 9, आणि प्रत्येक पांढरी की साधारण 23.5 मिलिमीटर, म्हणजे 21 सेंटिमीटरच्या थोडं वर. म्हणजे रुंदीतला जवळजवळ सगळा फरक त्या 9 पांढऱ्या कीजचाच आहे. एवढ्या वीतभर फरकाने काय होतं ते संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणाऱ्याला विचारा. 61 कीजची बॅग पाठीवर उभी बसते. सव्वा मीटरचा कीबोर्ड जाड कव्हरात घातला की तो डोक्याच्या वर जातो आणि दारात अडकतो. रिक्षातही तो तिरका ठेवावा लागतो.

वाजवताना त्या कीज कुठे जातात हेही पाहा. यामाहात डाव्या आणि उजव्या हाताची हद्द सुरुवातीला एफ शार्प 2 या काळ्या कीवर ठेवलेली असते. 61 कीजच्या कीबोर्डवर त्यामुळे डावीकडे 19 कीज जातात आणि उजव्या हाताला 42 उरतात, साडेतीन सप्तकं. जेनॉसवर 8 कीज खालच्या बाजूला वाढतात आणि 7 वरच्या. डावीकडे 27, उजवीकडे 49. म्हणजे जादा कीजपैकी निम्म्याहून अधिक डाव्या हाताकडे जातात, जिथे कॉर्ड धरायला त्यांचा फारसा उपयोग नसतो. ज्याला उजव्या हाताला चार पूर्ण सप्तकं हवीत, किंवा साथ बंद करून दोन्ही हातांनी पियानोसारखं वाजवायचं आहे, त्याला 76 चा खरा फायदा. मराठी भावगीतं, अभंग आणि हिंदी सिनेसंगीत यांची चाल बहुतांशी अडीच सप्तकांत मावते, आणि मधल्या म्युझिकच्या तुकड्यांसाठी ऑक्टेव्हचं बटण आहेच. अशा वादकाने 76 साठी अडून बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

माथ्यावर आणखी एक गोष्ट अनेकांना धक्का देते. जेनॉसला आणि कोर्ग पीए 5एक्सला आतले स्पीकरच नाहीत. वेगळे घ्यावे लागतात. 35 हजारांचा कीबोर्ड घरी आणून प्लग लावला की वाजतो, 4 लाखांचा वाजत नाही. कंपनीचं गृहीत असं की हा ग्राहक स्टेजवर मोठ्या साउंडलाच जोडणार. गोव्यातल्या हॉटेलांत आणि लग्नांत एकटा माणूस अरेंजर आणि माइकवर संध्याकाळ रंगवतो, त्याच्यासाठी हे ठीक आहे. घरात रियाज करणाऱ्याने मात्र बजेटमध्ये स्पीकर किंवा चांगला हेडफोन आधीच धरावा.

भारतात ही दरी थोडी आणखी रुंद होते. यामाहाचा चेन्नईजवळ कारखाना आहे आणि तिथे पोर्टेबल कीबोर्ड बनतात. वरची मॉडेलं बाहेरून येतात, त्यावर आयात शुल्क आणि वाहतूक चढते. पण त्याच वेळी खालच्या टोकाला आपल्याला एक खास फायदा मिळतो: खास भारतासाठी बनवलेली मॉडेलं. यामाहा पीएसआर-आय 500 मध्ये भारतीय ताल, वाद्यं आणि तबला-तानपुऱ्यावर रियाज करण्याची सोय आहे. कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेतही आयएन अक्षरांनी संपणारी भारतीय मॉडेलं आहेत. युरोपीय पॉप आणि वॉल्ट्झ भरलेल्या दुप्पट महाग कीबोर्डवर केहेरवा शोधत बसण्यापेक्षा, भजनी मंडळात किंवा सुगम संगीतात वाजवणाऱ्याला यातलं एखादं जास्त उपयोगी पडतं.

40 ते 70 हजारांची पोकळी प्रत्यक्षात भरते ती जुन्या बाजाराने. पीएसआर-एस 670, एस 770, एस 970 अशी मागच्या पिढीतली मॉडेलं या पट्ट्यात फिरतात, आणि आतून ती वरच्या यंत्राचीच आहेत. घेताना पहिल्यांदा पियानोचा आवाज लावून प्रत्येक की सारख्याच जोराने, एकेक करून वाजवा. एखादी अचानक किंचाळली किंवा अगदी दबली, तर त्या कीखालच्या रबराचा संपर्क खराब आहे. मधल्या दोन सप्तकांत हे जास्त दिसतं, कारण वाजवणं तिथेच होतं. मग आवाजाचा नॉब सावकाश फिरवून खरखर येते का ऐका, पेनड्राइव्ह लावून स्टाइल उघडते का पाहा, आणि अडॉप्टर मूळचा आहे ना ते तपासा. ई 473 ला 12 व्होल्टचा लागतो आणि एस मालिकेतल्या मोठ्या मॉडेलना 16 व्होल्टचा. पिन बसली म्हणून कुठलाही जोडू नका.

आणि ज्याला वरचे आवाजही हवेत, लांब कीबोर्डही हवा, पण जेनॉसचं बजेट नाही, त्याच्यासाठी एक वाट आहे. एसएक्स 700 आणि 900 ला मागे जुन्या पद्धतीचं गोल पाच पिनांचं मिडी इन आहे. 76 किंवा 88 कीजचा, स्वतःचा आवाज नसलेला मिडी कंट्रोलर त्याला जोडला की घरी लांब कीजवर वाजवता येतं, आणि कार्यक्रमाला फक्त 61 कीजचा कीबोर्ड पाठीवर टाकून निघता येतं. फक्त कंट्रोलर घेताना त्यालाही गोल मिडी आउट आहे याची खात्री करा. नुसत्या यूएसबीवाला थेट जोडला जात नाही. ई 373 आणि ई 473 ला हे गोल मिडी नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती कॉम्प्युटर मधे ठेवल्याशिवाय चालत नाही.